बीएस्सी केमिस्ट्री, शेवटचं सेमिस्टर, खानापूर तालुका. सुरुवात कुठून करू?

मलप्रभाकाठ:

नमस्कार. मी नंदगडच्या बाजूची. रोज खानापूरमार्गे बसनं बेळगावला कॉलेजला येते. बीएस्सी, केमिस्ट्री आणि बॉटनी, सहावं सेमिस्टर चालू आहे. आतापर्यंतची टक्केवारी ७१ च्या आसपास. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीपासून (अकरावी-बारावी) इंग्रजी. डिग्रीपर्यंत पोचलेली घरात मी पहिलीच, त्यामुळं घरात विचारायला कोणी नाही. बाबांची शेती आहे, भात आणि थोडा ऊस.

मागच्या महिन्यात एक मुलाखत दिली. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" हे पाठ करून गेले होते, तिसऱ्या वाक्याला अडकले. मग त्यांनी कन्नडमधून काहीतरी विचारलं. प्रश्न कळला, पण उत्तर कन्नडमधून जुळवता येईना, म्हणून गप्प बसले. शेवटी साहेबांनी विचारलं, लॅबमध्ये काय केलंय? मी म्हटलं, टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून द्रावणात काय किती ते मोजणं. "कशाचं?" त्या एका शब्दावर माझं डोकं रिकामं झालं. परतताना पिरनवाडी ओलांडेपर्यंत सगळी टायट्रेशन्स आठवली, एंड पॉइंटच्या रंगासकट. घरी आल्यावर रडले, खरं सांगते.

आता कळत नाही पुण्याला जावं की इथंच बघावं. बायोडाटात अनुभवाच्या रकान्यात काय लिहू? कन्नड बोलता येत नाही म्हणून इकडं अडणार आणि कर्नाटकातली म्हणून तिकडं अडणार, असंच होणार का? आई म्हणते बी.एड. कर. मैत्रिणी बँकेच्या परीक्षेचं म्हणतात. कोणी या वाटेनं गेलं असेल तर सांगा.

निपाणीकर_चाकण:

मी निपाणीचा, मेकॅनिकल डिप्लोमा, चाकणला सहा वर्षं झाली. पुण्याला यायचं तर मुलाखतीचं बोलावणं हातात घेऊन ये, नुसती बॅग घेऊन येऊ नकोस. मी तसाच आलो होतो. कॉट बेसिसवर चौघांत एक खोली, मेसचा डबा, आणि तीन महिने नुसतं या गेटवरून त्या गेटवर. घरून पैसे मागवताना जीव जायचा. पैसे संपत आले की माणूस मिळेल ती नोकरी धरतो, मीही तेच केलं. त्यातून बाहेर पडायला दोन वर्षं गेली.

आमच्या गावची बरीच पोरं कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत रोज बसनं जाऊन येतात. तुला कागल लांब पडेल, पण तुझ्या वाटेवर उद्यमबाग आहे, बेळगावची कारखान्यांची वसाहत. आधी ते बघ.

वडगावचा_माग:

तुझ्याएवढी माझी पुतणी आहे, म्हणून "तू" म्हणतो.

मी वडगावचा. घरात माग होते, खटाखट आवाजात अभ्यास केला. २००९ ला बीएस्सी केमिस्ट्री झालो. तेव्हापासून उद्यमबागेत फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये आहे, मधे नोकरी एकदा बदलली. आता लॅबमध्ये नवीन माणूस घ्यायचा असेल तर पहिली बोलणी मीच करतो. म्हणजे तुझ्या समोर बसलेल्या त्या साहेबांच्या जागी मी बसतो. म्हणून थोडं लांब लिहितोय, कंटाळू नकोस.

तुझी बस मच्छे, पिरनवाडी करून उद्यमबागेवरनंच तिसऱ्या गेटाकडं जाते. तीन वर्षं तू त्या शेडांच्या समोरून गेलीस. तिथं ओतकाम होतं आणि ओतकामाला लॅब लागते, हे तुला कॉलेजात कोणी सांगितलं का? मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं केमिस्ट्री म्हणजे औषधाची कंपनी नाहीतर मास्तरकी. पुण्याला दोन औषध कंपन्यांत मुलाखती दिल्या, दोन्हीकडं नाही म्हणाले. परत आलो तर बाबांच्या ओळखीच्या एका मोल्डरनं, म्हणजे साचे करणाऱ्यानं, मला फौंड्रीत नेलं. लॅबमध्ये एक काका काचेच्या कांडीनं निळ्या द्रावणाचा थेंब फिल्टर पेपरवर टाकत होते. मी विचारलं, हे टायट्रेशन आहे काय? ते म्हणाले, तुला कसं कळलं? माझी मुलाखत तिथंच झाली.

ती मिथिलीन ब्लूची टेस्ट. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती असते, तीच वाळूला धरून ठेवते. गरम धातूनं भाजून त्यातली थोडी माती दर खेपेला मरते. जिवंत किती उरली ते या टेस्टनं कळतं. ठरलेल्या वजनाची वाळू पायरोफॉस्फेटच्या पाण्यात उकळायची, ब्युरेटमधून मिथिलीन ब्लू सोडायचं आणि मधेमधे थेंब कागदावर टाकून बघायचा. निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं-हिरवं कडं उमटलं की झालं, आकडा लिहायचा. माती कमी असेल तर साचा ढासळतो. ओल जास्त झाली तर कास्टिंगला भोकं पडतात. म्हणजे तू ब्युरेटवर वाचलेल्या आकड्यावर पन्नास साचे ठरतात. हे काम तुला येतं. तुला ते येतं हे तुला माहीत नाही, एवढंच अडलंय.

दुसरं काम स्पेक्ट्रोचं. भट्टीतून पळीभर रस काढून तांब्याच्या साच्यात झटकन थंड करतात, नाण्यासारखा सॅम्पल येतो. तो घासून मशीनवर ठेवला की आरगॉनमध्ये ठिणगी पडते आणि कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरसचे आकडे स्क्रीनवर येतात. भट्टीवाला तोपर्यंत थांबलेला असतो, वीज जळत असते. तू "ओके" म्हटल्याशिवाय तो ओतत नाही. मी मुलाखतीत एक गणित नेहमी घालतो, तुला आत्ताच सांगून ठेवतो. कार्बन इक्विव्हॅलंट म्हणजे कार्बन अधिक, सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा. कार्बन ३.३, सिलिकॉन २.१, फॉस्फरस ०.०६ असेल तर किती? २.१६ ला तीननं भागून ०.७२, म्हणजे ४.०२. मग मी विचारतो, हे ४.३ च्या खाली आहे की वर, आणि त्यानं काय होतं? ४.३ म्हणजे युटेक्टिक, सगळ्यात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण. तुझ्या फिजिकल केमिस्ट्रीत फेज डायग्राम आहे, तोच हा. पोरं फेज डायग्राम पाठ करून येतात आणि तो लोखंडाला लावायचा असतो हे त्यांच्या डोक्यात नसतं. ज्यानं आधी एकदा तरी आत येऊन बघितलंय, तो लगेच ओळखतो.

"कशाचं टायट्रेशन" यावर तू अडकलीस, त्याचं औषध साधं आहे. प्रॅक्टिकलचं जर्नल काढ. त्यातले सहा प्रयोग निवड, जे तू खरंच स्वतःच्या हातानं केलेत, शेजारच्या टेबलाचं रीडिंग उतरवलेले नव्हेत. प्रत्येकाचं आधी मराठीत आईला सांग. काय मोजलं, कशानं मोजलं, रंग कुठला कुठं गेला, चूक कुठं होते. आईला कळलं की तेच इंग्रजीतून आरशासमोर सांग. "आय स्टँडर्डाइज्ड पोटॅशियम परमँगनेट अगेन्स्ट ऑक्झॅलिक ॲसिड" एवढं वाक्य पुरतं. व्याकरण थोडं चुकलं तर मी बघत नाही. ऑक्झॅलिक ॲसिड का गरम करतात हे सांगता आलं तर मी खुर्चीत सरळ बसतो.

कन्नडचं. आमच्याकडं मोल्डिंगला मराठी, भट्टीवर कन्नड, फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायला) उत्तरेकडची पोरं हिंदी, आणि गिऱ्हाइकाच्या ऑडिटला इंग्रजी. चारही लागतात, चारही मोडकी चालतात. गप्प बसणं मात्र चालत नाही. तुला कळलं होतं ना? मग म्हणायचं, "ननग कन्नड स्वल्प बरतैती, कलियाकत्तीनि." थोडं येतं, शिकतेय. एवढ्या वाक्यानं समोरचा माणूस मऊ होतो, मी स्वतः अनुभवलंय. मग कामाचे शब्द. एष्टु म्हणजे किती, यावाग म्हणजे कधी, मुगीतेनु म्हणजे संपलं काय, "सॅम्पल तगोंडु बा" म्हणजे सॅम्पल घेऊन ये. बसमध्ये कंडक्टरशी तेवढं बोल रोज. भाषेवरून आपल्याकडं जे चालू आहे ते तुलाही माहीत, मलाही माहीत. माझी आई आयुष्यभर मराठीच बोलली आणि शेजारच्या कन्नड बाईशी तिचं कधी अडलं नाही. कामाच्या जागी कन्नड बोललीस म्हणून तुझी मराठी कमी होत नाही.

चिकोडी_सीझन:

वरच्या दादांनी फौंड्रीचं सांगितलं, मी कारखान्याचं सांगतो. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने बरेच आहेत आणि प्रत्येकाला लॅब केमिस्ट लागतात. रसाचं ब्रिक्स (विरघळलेलं सगळं मिळून किती टक्के) काढायचं, पोलारीमीटरवर पोल (त्यातली साखर किती टक्के) बघायचं, पोलला ब्रिक्सनं भागून शंभरनं गुणलं की प्युरिटी. ब्रिक्स १६, पोल १२.८ असेल तर प्युरिटी ८०. मळी, साखर, बॉयलरचं पाणी, सगळ्याचे सॅम्पल चालूच असतात, तिन्ही शिफ्टला. तुझ्या घरी ऊस आहे, म्हणजे रिकव्हरी, उसातून किती टक्के साखर निघाली तो आकडा, हा शब्द तू लहानपणापासून ऐकला असशील. तो आकडा लॅबमधून निघतो.

सीझन साधारण दिवाळीच्या पुढंमागं सुरू होतो, माणसं घ्यायची हालचाल त्याच्या महिना-दीड महिना आधी. तेव्हाच अर्ज घेऊन जा. जागा कायमची आहे की सीझनपुरती, आणि ऑफ सीझनला काय देतात, हे आधी विचार. मी लाजेनं विचारलं नव्हतं, पहिल्या वर्षी पाच महिने घरी बसलो. आणि बेळगावात गणेशपूर रोडला निजलिंगप्पा शुगर इन्स्टिट्यूट आहे, तिथं साखरेचेच अभ्यासक्रम चालतात. पुढं शिकायचं मनात असेल तर एमएस्सीबरोबर त्याचीही चौकशी कर.

हिंडलग्याची_ताई:

मी सरकारी बँकेत क्लार्क आहे. तुझी शंका "दोन्हीकडं अडणार का" ही माझीही होती. माझ्या बाबतीत उलटंच झालं. क्लार्कच्या परीक्षेत एकाच राज्यासाठी अर्ज करता येतो आणि त्या राज्याची भाषा यावी लागते. दहावीच्या मार्कलिस्टवर ती भाषा विषय म्हणून असेल तर वेगळी भाषा-चाचणी द्यावी लागत नाही. आता तुझी एसएसएलसीची मार्कलिस्ट काढून बघ. मराठी माध्यमाची असलीस तरी कन्नडही विषय असणार. माझ्या मार्कलिस्टवर दोन्ही होत्या. म्हणजे महाराष्ट्र धरायचा की कर्नाटक, हे मी जागा बघून ठरवू शकले. कोल्हापूरच्या मुलीला ही सोय नाही, बेंगळूरच्या मुलीला नाही.

पूर्वपरीक्षा १०० प्रश्न, ६० मिनिटं. इंग्रजी ३०, गणित ३५, रिझनिंग ३५, प्रत्येकाला २० मिनिटं बांधलेली. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. महाराष्ट्र धरला तर गणित आणि रिझनिंगचा पेपर मराठीतून मागता येतो, पण सराव ज्या भाषेत करशील त्याच भाषेत पेपर दे. मी सराव इंग्रजी पुस्तकातून केला, पेपर मराठीतून मागितला आणि "नफा-तोटा", "चक्रवाढ" असे लहानपणचे शब्द वाचून ओळखण्यातच वेळ गेला. पहिल्या खेपेला त्यामुळंच राहिले.

वयाची अट २० ते २८, तेव्हा आत्ताच सगळं सोडून क्लास लावायची घाई नको. नोकरी करत पहाटे दोन तास मिळाले तरी होतं. मी शिकवण्या घेत अभ्यास केला. तिसऱ्या प्रयत्नात लागले.

मलप्रभाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. मार्कलिस्ट काढली. आहे, कन्नड आहे. मार्कही बरे आहेत, मीच विसरले होते.

वडगावच्या दादांना विचारायचं होतं, फौंड्रीत मुलींना घेतात का? आणि आत जाऊन बघायचं म्हणजे गेटवर काय सांगायचं? बाबा म्हणतात ओळख लागते. अजून एक. एका ऑफिसमधून फोन आला होता, बेंगळूरला क्वालिटी विभागात नोकरी नक्की, पण आधी ४,५०० रुपये रजिस्ट्रेशन भरा म्हणतात. आजच भरा असं सारखं सांगतायत.

कॉलेजातला_मास्तर:

आधी शेवटच्या गोष्टीबद्दल. एक रुपयाही भरू नकोस. तीस वर्षं मुलं शिकवली, नोकरीच्या नावानं आधी पैसे घेऊन खरी नोकरी दिलेलं मी एकदाही पाहिलं नाही. माझ्या एका विद्यार्थ्यानं आईचं मंगळसूत्र गहाण ठेवून असेच पैसे भरले होते. ज्या पत्त्यावर रुजू व्हायचं होतं तिथं चपलांचं दुकान निघालं. तो पोरगा मला सांगायला आला तेव्हा मान वर करत नव्हता. त्यांनी पुन्हा फोन केला तर कंपनीचा पत्ता आणि कंपनीच्याच ईमेलवरून पत्र माग, फोन आपोआप बंद होतील. आणि पैसे कोणाचे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करायची असते, हे मैत्रिणींनाही सांगून ठेव.

बायोडाटाबद्दल. एक पान. "हार्डवर्किंग", "सिन्सिअर" हे शब्द काढून टाक, ते सगळेच लिहितात. अनुभव शून्य असं तू म्हणतेस, पण रोज नंदगडहून बेळगावला येऊन तीन वर्षं तू सगळी प्रॅक्टिकल्स केलीस. वडगावच्या गृहस्थांनी सांगितलेले सहा प्रयोग नावानिशी लिही, वापरलेली उपकरणं लिही. भाषांच्या ओळीत मराठी, इंग्रजी, हिंदी, कन्नड लिहून प्रत्येकीपुढं वाचता येते, लिहिता येते, बोलता येते हे खरं खरं लिही. वडिलांच्या शेतीचा हिशोब तू ठेवत असशील तर तेही लिही. अशी ओळ वाचून नोकरी देणारा थबकतो, मी पाहिलंय.

महाराष्ट्र सरकारच्या भरतीचं कोणी लिहिलं नाही. महाराष्ट्रानं दावा सांगितलेली ८६५ गावं आहेत. त्या गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना तिकडच्या भरतीत अर्ज करता येतो, २००८ सालचं परिपत्रक आहे. त्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. तुझं गाव यादीत आहे का बघ आणि दाखला आत्ताच करून ठेव. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणारी मुलं मी दर वर्षी पाहतो. कर्नाटकातल्या जातीच्या दाखल्यावर तिकडचं आरक्षण मिळत नाही, ते मात्र लक्षात असू दे.

आणि निकालानंतर सहा महिने नोकरी लागली नाही तर कर्नाटकाची युवानिधी आहे, पदवीधराला महिना ३,००० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं. कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर अर्ज करायचा. पुढं शिकायला प्रवेश घेतला तर ती मिळत नाही. परीक्षेचा अर्ज, फोटो, बसभाडं यांसाठी घरी हात पसरावा लागत नाही, म्हणून सांगतो. बी.एड. वाईट नाही, पण दोन वर्षं जातात. शिकवायची ओढ असेल तरच कर, आईच्या समाधानासाठी नको.

वडगावचा_माग:

सरांनी बरं केलं, पैशाचं वाचून मला घाम फुटला होता.

मुलींना घेतात. आमच्या लॅबमध्ये चौघांत दोघी आहेत, जनरल शिफ्ट. सगळीकडं घेतात असं म्हणणार नाही. काही ठिकाणी मुलींचा अर्ज बाजूला ठेवतात, मला ते पटत नाही आणि मी आमच्यात तसं होऊ देत नाही. तू जिथं जाशील तिथं मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का आणि संध्याकाळी सुटायची वेळ काय, हे दोन प्रश्न स्वतः विचार. विचारल्यानं नोकरी जात नाही.

ओळखीबद्दल बाबांचं अर्ध खरं आहे. ओळखीनं गेट उघडतं, लॅबचं दार उघडत नाही. आणि गेट ओळखीशिवायही उघडतं. कॉलेजच्या विभागप्रमुखांकडून दोन ओळींचं पत्र घे, "विद्यार्थिनीला प्रयोगशाळा पाहायची आहे." पत्र घेऊन मंगळवार ते गुरुवारच्या मधे, सकाळी दहाच्या सुमाराला जा. सोमवारी सुट्टीनंतर भट्टी आणि वाळू जागेवर आणायची गडबड असते, कोण लक्ष देणार नाही. गेटवर "नोकरी आहे का" विचारू नकोस, वॉचमन नाहीच म्हणेल. "क्वालिटीच्या साहेबांना भेटायचंय, कॉलेजचं पत्र आहे" म्हण. तीन ठिकाणी नाही म्हणतील, चौथ्या ठिकाणी कोणीतरी आत घेईल. आत गेल्यावर वहीत लिहून घे, कुठली टेस्ट, दिवसातून किती वेळा, नोंद कुठल्या रजिस्टरला. निघताना विचार, पदवीधर अप्रेंटिस घेता का? एका वर्षाची असते, स्टायपेंड मिळतो, त्यातला काही हिस्सा सरकार देतं. कोणी घेतलं तर करार केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदवला का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. नोंद नसेल तर वर्ष संपल्यावर तुझ्या हातात प्रमाणपत्र येत नाही, नुसती मजुरी झाली.

कर्नाटकाच्या साध्या बसला बायकांना भाडं नाही, आधार दाखवलं की झालं. म्हणजे या फेऱ्यांना खर्च शून्य. परीक्षेच्या आधीच्या सुट्टीत दोन सकाळी काढ.

मलप्रभाकाठ:

विभागप्रमुख मॅडमना भेटले. त्यांनी लगेच पत्र दिलं आणि म्हणाल्या, अजून कोणी येणार असेल तर त्यांचंही नाव घालते. आम्ही तिघी जाणार आहोत, बुधवारी. फोनवाल्यांना पत्ता मागितला, परत फोन नाही.

काल रात्री आईला परमँगनेटचं सांगितलं. तिनं विचारलं, गुलाबी रंग आला की थांबायचं, मग जास्त पडलं तर? मला एकदम आठवलं, शेवटी थेंब थेंब सोडायचं असतं, आणि गुलाबी अर्धा मिनिट टिकला पाहिजे. हे मी जर्नलमध्ये लिहिलंच नव्हतं.

दादा, बुधवारी काय घालून येऊ?

वडगावचा_माग:

सुती ड्रेस, ओढणी नको, असलीच तर पिन लावून घट्ट. केस बांधून. चप्पल किंवा सँडल घालून आलीस तर भट्टीच्या बाजूला सोडणार नाहीत, बंद बूट घाल, कॉलेजच्या पीटीचे असतील तरी चालतील. पाण्याची बाटली आण, आत गरम असतं. आणि आईनं विचारलेला तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून आण, आमच्या लॅबमध्ये मिथिलीन ब्लूला पोरं नेमकी तिथंच चुकतात.